सेलमचे चेटूक-खटले खरंच बुरशीमुळे झाले का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

निखिल, बी-२०३ : सकाळपासून फिरणारा मेसेज वाचलात का? १६९२ साली अमेरिकेत सेलमला पावातल्या बुरशीने मुली भ्रमिष्ट झाल्या, त्याला लोकांचं चेटूक समजून खटले भरले आणि त्यापायी २० जणांचा जीव गेला म्हणे. मेधाताई, यात तथ्य किती?

मेधाताई, ए-५०१ : २० हा आकडा बरोबर. १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी हा म्हातारा गुन्हा कबूल की नाकबूल हेच सांगेना, म्हणून त्याला अंगावर दगड रचून मारलं. तुरुंगात मेले ते किमान ५ जण वेगळे. मेसेजमधलं जिवंत जाळण्याचं चित्र मात्र चूक आहे. ती इंग्रजांची वसाहत, तिथे इंग्लिश कायदा होता आणि शिक्षा फाशीची होती. बुरशीचा तर्क संशोधक लिंडा कॅपोराएल यांनी १९७६ मध्ये मांडला. शेतीचा भाग सुरेशकाका नीट सांगतील.

सुरेशकाका, सी-१०४ : राय हे गव्हाच्या जवळचं धान्य, मेसेजमधला पाव त्याचाच. कडक हिवाळ्यानंतर दमट, पावसाळी हवा आली की फुलोऱ्यात अरगटची बुरशी शिरते आणि दाण्याच्या जागी जांभळट काळी, लांबट, कडक गाठ धरते. ती दळणात गेली की अंगाला मुंग्या, आकडी, उलट्या, जुलाब, भास. भास घडवणारं एलएसडी हे अमली द्रव्य ज्या लायसर्जिक आम्लापासून करतात ते अरगटमधूनच मिळालं. सेलम गावाच्या पश्चिमेची जमीन पाणथळ होती, म्हणून संशय तिकडे गेला.
पण विष माणूस बघून चढत नाही. एका भट्टीतला पाव सगळं घर खातं, मग आजारी सगळं घर पडायला हवं, आणि लहान पोरं आधी. इथे झटके आले ते मुख्यतः काही मुलींना आणि तरुणींना. शिवाय कोर्टात आरोपीने त्यांच्याकडे पाहिलं की झटका, आरोपीचा हात लागला की शांत! हा विषबाधेचा क्रम नव्हे. स्पॅनोस आणि गॉटलीब या संशोधकांनी १९७६ मध्येच हे मुद्दे मांडून तर्क खोडला.

शुभदावहिनी, बी-४०२ : काका, आपल्या बाजरीवर पडतो तो हाच अरगट का?

सुरेशकाका, सी-१०४ : जात वेगळी. बाजरीवरच्या अरगटाने मळमळ, उलटी, चक्कर, गुंगी येते. रायवरच्यासारखी आकडी नाही. पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं. तरंगेल ते काढून जाळायचं. तळाचं बी स्वच्छ पाण्याने २-३ वेळा धुऊन सावलीत वाळवायचं. धुण्यात कुचराई केली तर मिठामुळे उगवण घटते.

निखिल, बी-२०३ : मग मूळ कारण काय?

मेधाताई, ए-५०१ : मुलींना सुरुवातीला काय झालं होतं त्यावर वाद घालता येईल. पण ९ वर्षांच्या बेटी पॅरिसच्या आजारपणातून फाशीपर्यंत जाण्याचा रस्ता कोर्टाने बांधला, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय.
गावात आधीच तेढ होती. ऑक्टोबर १६९१ मध्ये गावाच्या नव्या समितीने बेटीचे वडील, पाद्री सॅम्युअल पॅरिस, यांच्या पगारासाठी कर गोळा करायला नकार दिला. गावातलं पटनम कुटुंब पाद्र्याच्या बाजूचं, आणि बऱ्याच फिर्यादींवर टॉमस पटनमची सही. उत्तरेला मेन नावाच्या प्रांतात युद्ध पेटलेलं, तिथून निर्वासित आलेले. वसाहतीची जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झालेली. नवी घेऊन गव्हर्नर फिप्स मे १६९२ मध्ये पोचले, तोवर तुरुंग भरले होते. त्यांनी खास न्यायालय नेमलं.
त्या न्यायालयाने 'हिचं रूप येऊन मला छळतं' ही साक्ष ग्राह्य धरली. आरोपी त्या वेळी स्वतःच्या घरी होती हे सिद्ध करूनही उपयोग नाही, कारण छळणारं तिचं रूप! त्यात कबुली देऊन ती कायम ठेवणाऱ्या एकालाही फाशी झाली नाही; नाकारणारे मेले. कबुली दिली की साथीदार सांगा म्हणायचे. पॅरिसकडची गुलाम स्त्री टिटुबा हिने सैतानाच्या वहीत ९ खुणा पाहिल्याचं सांगितलं. नावं दोनच मिळाली, बाकीच्यांचा शोध सुरू! ७१ वर्षांच्या रेबेका नर्सला ज्यूरीने निर्दोष ठरवलं होतं; मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी फेरविचार करायला लावला आणि १९ जुलैला तिला फासावर चढवलं.

ॲड. वैशाली, ए-३०२ : आणि थांबलं ते पुराव्याचा नियम बदलल्यावर. ऑक्टोबरमध्ये फिप्सनी ते न्यायालय बरखास्त केलं. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने रूपाची साक्ष नाकारली. मग तिघीच दोषी ठरल्या, त्यांची फाशीही फिप्सनी रोखली. बुरशी कारण असती तर साक्षीचा नियम बदलून काय फरक पडला असता?

शुभदावहिनी, बी-४०२ : आपल्याकडे एखादीला 'करणी करते' म्हणून छळलं तर?

ॲड. वैशाली, ए-३०२ : २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो वहिनी. ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो. कायद्यात दक्षता अधिकारीही नेमलेले असतात, ते पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचे नसतात.