गालावरचे डाग आणि उरलेली ट्यूब

बी-३०४: कुणी जागं आहे का? लेकीच्या दोन्ही गालांवर पांढरट डाग आलेत. ९ वर्षांची आहे. खाजत नाही, दुखत नाही. उन्हात खेळून आली की जास्तच उठून दिसतात. कॅल्शियम कमी पडतंय का?

ए-१०२: जंत असतील गं. औषध दे आणि सोडून दे.

ए-५०१: माझ्याकडे ट्यूब आहे, धाकट्यासाठी आणलेली. अर्धी उरलीय. तीन दिवसांत सगळं साफ. वॉचमनकडे ठेवू?

सी-२०३: ताई, नका ठेवू. मेसेज लांबेल, पण वाचा.
गेल्या वर्षी आमच्या मुलाच्या मांडीवर बटणाएवढा लाल गोल उठला. कडेला बारीक पुटकुळ्या, मधली कातडी जवळजवळ नेहमीसारखी. कुणीतरी अशीच अर्धी ट्यूब दिली. दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली, आम्ही खूश. लावायचं थांबवलं की आठवड्यात परत हजर. पुन्हा लावली. दीड महिन्यात तो गोल तळहाताएवढा झाला आणि माझ्या कमरेवर त्याचं पिल्लू निघालं.
डॉक्टरांनी आधी ट्यूबच मागितली. मागचं बारीक अक्षर मोबाइलवर मोठं करून दाखवलं: क्लोबेटासोल. जहाल स्टेरॉइड, वर त्याच ट्यूबमध्ये अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध. मुलाला झालं होतं गजकर्ण, म्हणजे बुरशीच. स्टेरॉइडने सूज दबते म्हणून बरं वाटतं, पण त्वचेची झुंजायची ताकदही दबते आणि बुरशीला रान मोकळं. मूळ रूपच इतकं पुसलं गेलं होतं की कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागली.

ए-५०१: थांब, आमची बघते.

ए-५०१: अगं बाई. क्लोबेटासोल ०.०५ टक्के. पोरीच्या चेहऱ्याला लावायला देणार होते मी!

बी-७०१: मी त्वचेचीच डॉक्टर, म्हणून मधे बोलते. स्टेरॉइड वाईट नसतं हं. एक्झिमाला, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या आजाराला, सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस लागतंच, आणि आया घाबरून लावत नाहीत तेव्हा पोरं रात्रभर खाजवत राहतात. पण आधी ते काय आहे हे कळलं पाहिजे.
३०४, न बघता निदान करत नाही. पण या वयात गालावर पुसट कडांचे, किंचित खरखरीत डाग म्हणजे बहुतेकदा पिटिरियासिस अल्बा, त्वचेचा रंग तात्पुरता फिका पडतो तो. जंत नाही, कॅल्शियम नाही. कोरड्या त्वचेच्या मुलांत जास्त. भोवतालची कातडी रापते, डाग रापत नाही, म्हणून उन्हानंतर डोळ्यात भरतो. बिनवासाचं मॉइश्चरायझर दोन वेळा, बाहेर जाताना सनस्क्रीन. रंग परतायला काही महिने लागतात. डाग खडूसारखा पांढराशुभ्र असेल तर कोड आहे का ते बघावं लागतं, स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोग. तसं काही वाटलं तर प्रत्यक्ष दाखवा.

बी-३०४: आत्ताच डोळे मिटायला लावून कापूस फिरवला. "आई, गुदगुल्या!" म्हणाली.

सी-६०४: आमच्या बाळाच्या टाळूवर पिवळट चिकट खपल्या आहेत. ७ आठवड्यांचं आहे. सासूबाई नखाने काढतात.

बी-७०१: नख नको, जखम होऊन चिघळतं. आंघोळीआधी थोडं बेबी ऑइल लावा, खपली मऊ झाली की मऊ ब्रश फिरवा, मग सौम्य शाम्पू. निघेल तेवढीच काढा. काही महिन्यांत आपोआप जाते.

ए-१०२: नातवाच्या नाकावर पांढरे दाणे आहेत, ते फोडायचे का?

बी-७०१: काकू, हात आवरा! ते मिलिया, काही आठवड्यांत जातात. महिन्याच्या आतल्या बाळाला पाण्याचे किंवा पूचे फोड आले, ताप आला किंवा ते दूध प्यायचं थांबलं, तर मात्र ग्रुपवर विचारत बसू नका, तडक हॉस्पिटल. आणि कुठल्याही वयात ताप असताना लाल-जांभळे ठिपके उठले तर काचेचा ग्लास दाबून बघा. दाबूनही फिके पडत नसतील तर सकाळची वाट बघायची नाही.

बी-४०१: आमच्या दिवट्याचं पण सांगा. १५ वर्षांचा. दहादा तोंड धू म्हणतो, ऐकत नाही. फोटो टाकलाय.

बी-७०१: ऐकत नाही तेच बरंय. मुरूम मळाने येत नाहीत. या वयात तेलग्रंथी जोर धरतात, छिद्रं तुंबतात. दोनदा धुणं पुरे, घासून धुतलं तर आग होते. २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या औषधाने सुरुवात करा, उशीला पांढरा अभ्रा घाला कारण रंग उडतो. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे. खोल दुखऱ्या गाठी असतील तर वाट न बघता डॉक्टरला दाखवा, खड्डे राहतात.

बी-४०१: १२ आठवडे?? परवा वाढदिवस आहे त्याचा.

बी-४०१: बाबांचा फोन माझ्या हातात आहे. मी तो दिवटा. माझा फोटो मला न विचारता टाकलाय.

बी-४०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

बी-४०१: डॉक्टर काकू, २.५ टक्के म्हणालात ना? जेल घेऊ की फेसवॉश?