म्हणे सगळं पाडा आणि नव्याने लिहा!

रात्रपाळी
काल इथे एकाने लिहिलं, 'जुन्या कोडला ठिगळं लावत बसू नका, सगळं नव्याने लिहा, वर्षभरात सुटाल.' वाचून डोकं फिरलं. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने हेच केलं. ४ नंतर आवृत्ती ५ आलीच नाही, थेट ६ आली २००० साली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोररने मैदान मारलेलं. अहो, तो कुरूप 'इफ', म्हणजे 'असं झालं तर तसं कर'वाली ओळ, कधीतरी मध्यरात्री आलेल्या फोनमुळे तिथे बसलेला असतो. तो काढा, तोच फोन पुन्हा येईल.

सेमीकोलन
नेटस्केपचं तुणतुणं किती वर्षं वाजवणार? त्याच नव्या कोडमधून पुढे फायरफॉक्स ब्राउझर निघाला. आमच्याकडे सात वर्षं 'थोडं थोडं' बदलणं चाललंय. जुनी सिस्टिम चालू, नवी चालू, मधे डेटा जुळवणारी तिसरी. आता त्या तिसरीला हात लावायला सगळे घाबरतात.

रात्रपाळी
फायरफॉक्स १.० आला २००४ला. एवढा दम आहे तुमच्या कंपनीत?

टॅबवाला
ते राहू द्या, आधी मेलेला कोड तरी काढा! जुन्या आवृत्त्या जपणारं गिट असताना कमेंट करून, म्हणजे चालणार नाहीत अशी, ठेवलेली मढी कशाला जपायची?

जुनंखोड
मेलाय हे ठरवणार कोण? मी असंच एक 'मेलेलं' फंक्शन उडवलं. ते फक्त वर्षअखेरीच्या हिशेबाला चालायचं. कळलं ३१ डिसेंबरच्या रात्री.

टॅबवाला
आणि न काढल्यावर? नाइट कॅपिटल ही अमेरिकन शेअर-व्यवहार कंपनी, १ ऑगस्ट २०१२. वर्षानुवर्षं पडून असलेला कोड, त्याचाच फ्लॅग (चालू-बंदचा खटका) नव्या कामाला वापरला, आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, तिथे जुनाच जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलर गेले.

जुनंखोड
म्हणजे डिप्लॉयमेंटचा, कोड चढवण्याचा घोळ. मढ्याच्या माथी का मारता?

टॅबवाला
मढं पुरलं असतं तर भूत उठलं असतं का? जरा वाचून लिहा!

जुनंखोड
मी वाचतोय, तुम्ही गोष्टी सांगताय. प्रॉडक्शनला, खऱ्या चालत्या सिस्टिमला, हात लावलाय का कधी?

रात्रपाळी
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा हो. सेमीकोलन, सिस्टिम आज जशी वागते तशी, चुकांसकट, टेस्टमध्ये पकडा. मग एकेक तुकडा बदला. कारण त्या चुकांवरही कुणाचे तरी रिपोर्ट उभे असतात.

सेमीकोलन
बरं बाबा, तुमचंच खरं. फक्त जुनी सिस्टिम बंद करायच्या कागदावर सही कोण करणार, तेवढं सांगा. आमच्याकडे सात वर्षांत एकही माई का लाल निघालेला नाही.

जुनंखोड
मी करतो. ३१ डिसेंबर सोडून कुठल्याही तारखेला.