हॅरिअर ईव्ही ७५ की एक्सईव्ही ९ई ७९? स्टॅक पार्किंग, गाव चिपळूण

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. घरात पाच माणसं. आईबाबा सत्तरीच्या पुढचे, बाबांचे गुडघे दुखतात. रोजचं जाणं-येणं मुलुंड-ऐरोली, ४० किमीच्या आत. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चिपळूण. सोसायटीत जागा स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवणारं यांत्रिक पार्किंग), खालची. मीटररूमपासून तिथपर्यंत ४० मीटर वायर लागेल असा अंदाज.

टाटा हॅरिअर ईव्ही (७५ किलोवॉट-तास, मागच्या चाकांची मोटर) आणि महिंद्रा एक्सईव्ही ९ई (७९ किलोवॉट-तास) यांच्यात अडकलोय. कागदावर रेंज ६२७ आणि ६५६ किमी. लाँचच्या वेळचे एक्स-शोरूम दर धरले तर वरची व्हेरिएंट २७.४९ आणि ३०.५० लाखांना. हे वरचे तीन लाख कशाचे ते कळत नाही. बुकिंगच्या आधी काय काय तपासू?

पॅलेट_प्लेट

आधी पार्किंगच्या खांबावरची प्लेट वाचा, शोरूम नंतर. जुन्या स्टॅकमध्ये पॅलेटची (गाडी उभी राहते त्या लोखंडी फळीची) क्षमता बऱ्याचदा २००० किलो असते, कारण डिझाइन सेदान डोळ्यांसमोर ठेवून झालेलं. मोठ्या बॅटरीच्या या गाड्या रिकाम्याच दोन टनांच्या आसपास किंवा वर जातात. प्लेटवर २००० असेल तर दोन्ही बाद. २५०० असेल तर गाडीचं कर्ब वेट (माणसं-सामान सोडून वजन) डीलरकडून लेखी घ्या आणि पार्किंगची देखभाल करणाऱ्या कंपनीकडून 'चालेल' असं पत्र घ्या. तुमची जागा खालची आहे म्हणून सुटलात असं समजू नका. खाली खड्डा (पिट) असलेल्या स्टॅकमध्ये खालचं पॅलेटसुद्धा उचललं जातं.

दुसरं माप लांबीचं. ९ई ४७८९ मिमी, हॅरिअर ईव्ही ४६०७ मिमी. १८ सेंटिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण व्हील स्टॉपरपासून पॅलेटच्या टोकापर्यंत टेप लावा आणि बंपर बाहेर किती येतो ते बघा. ९ईचा टर्निंग सर्कल १० मीटर आहे, एवढ्या गाडीला तो फारच चांगला. दोन खांबांमधून आत घालताना त्याचा फायदा होईल. टेस्ट ड्राइव्हची गाडी थेट सोसायटीत मागवा आणि पार्क करून बघा. नाही म्हणणारा डीलर असेल तर दुसरा डीलर गाठा.

घाटमाथा

६२७ आणि ६५६ हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. ते ठरावीक चाचणीतले आहेत, रस्त्यावरचे नाहीत. टाटा स्वतःच हॅरिअरच्या या व्हेरिएंटला प्रत्यक्षात ४८० ते ५०५ किमी सांगते. हिशेबाला मी त्याहूनही कमी धरेन. एवढ्या आकाराची गाडी एसी लावून हायवेला १००च्या वेगाने चालवली की एका युनिटला साडेपाच ते सहा किमी धरावेत. म्हणजे ७५ला सव्वाचारशेच्या आसपास, ७९ला त्याहून वीस-पंचवीस किमी जास्त. मुलुंड ते चिपळूण अडीचशेच्या आसपास. दोन्ही गाड्या एका दमात पोचतात आणि चाळीसेक टक्के शिल्लक राहतात.

अडचण असते ती परतीची. गावी १५ अँपिअरच्या पॉइंटवर रात्री दहा तास लावली तर ३० युनिटच्या आसपास भरतात, म्हणजे बॅटरीचे चाळीसेक टक्के. दोन रात्री मुक्काम असेल तर वाटेत थांबायची गरज नाही. त्या पॉइंटचं अर्थिंग मात्र आधी तपासून घ्या आणि व्होल्टेज पडत असेल तर चार्जिंगचा करंट कमी करा.

फास्ट चार्जिंगला ९ई १७५ किलोवॉटपर्यंत घेते (२० ते ८० टक्के २० मिनिटांत), हॅरिअर १२० पर्यंत (२५ मिनिटांत). हा फरक दिसायला चार्जर तेवढा दणकट हवा. ६० किलोवॉटच्या मशीनवर दोन्हींना पन्नास-पंचावन्न मिनिटं लागणार, आणि दुसऱ्या गनवर कोणी लावली तर वीज वाटली जाऊन दीड तास. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर रांग वेगळी. १७५साठी म्हणून तीन लाख मोजू नका.

दोन्हींची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे. ती रोज ऐंशीवर थांबवलीत तरी कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या अंतराने १०० टक्के भरा. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो.

वायरमन_ठाणे

४० मीटरबद्दल. ७.२ किलोवॉटचा चार्जर सलग ३२ अँपिअर ओढतो. ६ स्क्वेअर एमएम कॉपर टाकलीत तर जाऊन-येऊन ८० मीटरचा रेझिस्टन्स पाव ओहम. तिथेच ८ व्होल्ट पडतात आणि अडीचशे वॉट नुसती वायर तापवण्यात जातात, तेही सलग सात-सात तास. १० स्क्वेअर एमएम घ्या, ड्रॉप पाच व्होल्टच्या आत येतो. पुढे ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला लाइन तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा). आरसीसीबी साधा 'एसी' टाइप नको, डीसी गळतीपुढे तो आंधळा होतो. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी डिटेक्शन असेल तर 'ए' टाइप चालतो, नसेल तर 'बी'.

स्टॅकच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग म्हणून वायर बांधायची पद्धत दिसते, ती अजिबात करू नका. स्वतंत्र अर्थ पिट घ्या. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर धरा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर बऱ्याच गाड्या चार्ज घ्यायला नकार देतात आणि लोक उगाच चार्जरला दोष देत बसतात.

खरं सांगायचं तर तुमच्या ४० किमीला ७.२ लागतच नाही. रोजचे सात-साडेसात युनिट ३.३ किलोवॉटवर अडीच तासांत भरतात. पण वायर १०चीच टाका, खोदाई आणि पाइप पुन्हा पुन्हा होत नाहीत. ११.२ किलोवॉटचा चार्जर थ्री-फेज मागतो, तुमच्यासाठी तो फुकट खर्च. आणि ९ई घेतलीत तर चार्जरचे पैसे गाडीच्या किमतीच्या वर असतात, लाँचला ७.२साठी ५०,००० होते. कोटेशन जुळवताना ते मिळवा.

१५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज करणार असाल तर तासाभराने प्लगच्या पिनजवळ हात लावून बघा. चटका बसला किंवा भोकाभोवती तपकिरी डाग दिसला तर तेव्हाच बंद करा. आतला स्क्रू सैल असतो किंवा वायर बारीक असते.

मुलुंड_पूर्व

प्लेटवर २५०० आहे. कमिटी विचारतेय, मीटर घरचंच वापरणार की वेगळं?

वायरमन_ठाणे

वेगळं घ्या. मुलुंडला महावितरण आहे, ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर मिळतो. घरच्या मीटरवर महिन्याचे दोनशे युनिट वाढले की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि ते दोनशे सगळ्यात महाग दराने लागतात. कमिटीला अर्जासोबत लोडचा कागद, वायर कुठून जाणार त्याचा नकाशा आणि परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट द्या.

चार्जर भिंतीवर किंवा स्थिर खांबावर, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच. पॅलेटवर बसवू नका.

मागची_सीट

एवढ्या चर्चेत बाबांचे गुडघे मागेच राहिले. माझ्या मते निर्णय तिथेच आहे.

९ईचं छप्पर मागे उतरत जातं. मागच्या दारातून आत जाताना मान वाकवावी लागते, आणि खाली बॅटरी असल्याने फ्लोअर वर आलेला असतो. बसल्यावर गुडघे वर येतात, मांडीला आधार कमी मिळतो. हॅरिअरमध्येही फ्लोअरचा प्रश्न थोडा आहेच, पण छप्पर सरळ जातं आणि दार उंच उघडतं. आईबाबांना दोन्ही शोरूमला न्या. मागच्या सीटवर वीस मिनिटं बसवा आणि चार वेळा चढ-उतार करायला लावा. पाच मिनिटांत सगळ्याच गाड्या आरामशीर वाटतात.

डिकी ९ईची मोठी: ६६३ लिटर, शिवाय पुढे १५०. हॅरिअरची ५०२ आणि पुढे ६७. पण ९ईची काच तिरकी असल्याने उभं सामान, व्हीलचेअर किंवा आंब्याच्या पेट्यांची चळत अडते. ९ईत स्टेपनी नाही, पंक्चर किट येतं. साइडवॉल फाटली तर किटचा उपयोग शून्य. कोकणात रात्री प्रवास करणाऱ्यांनी हे धरून चालावं. हॅरिअरमधून घरच्या वस्तूंना ३.३ केव्हीएपर्यंत वीज घेता येते. पावसात गावी लाइट गेली की फ्रिज आणि पंखे चालतील.

तुमच्या गरजेला मी हॅरिअर म्हणेन. महिंद्राच हवी असेल तर एक्सईव्ही ९एस बघा. नोव्हेंबर २०२५मध्ये १९.९५ लाखांपासून आली, सात सीट, सरळ छप्पर.

पॅलेट_प्लेट

वरच्याशी सहमत. हॅरिअरच्या ७५ऐवजी ६५ किलोवॉट-तासवालीचाही विचार करा, चिपळूण तिच्यातही एका दमात होतं आणि पॅलेटवर वजन कमी.

घाटमाथा

६५ घेतलीत तर गावचा पॉइंट पक्का हवा. बाकी थोडक्यात: दहा लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (डीलरने आगाऊ घेतलेला आयकर) लागतो, तो रिटर्नमध्ये वळता होतो. राज्याच्या २०२५च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना रोड टॅक्स माफ आहे, त्यामुळे कोटेशनमध्ये त्या नावाची रक्कम दिसली तर विचारा. अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर टोलही माफ.

विम्यात बॅटरीचं आणि चार्जरचं कव्हर वेगळं मागून घ्या, पाणी शिरल्याचं नुकसान त्यात धरलंय का ते वाचून. बॅटरी आयपी६७ (धूळ-पाणी न शिरण्याचं मानक) आहे म्हणून हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घालू नका. ती चाचणी नव्या पॅकची, स्थिर पाण्यातली, एक मीटरपर्यंत अर्ध्या तासाची असते. चालत्या गाडीच्या लाटेची नसते, आणि केबिनमधल्या वायरिंगची तर नाहीच.

डिलिव्हरीच्या दिवशी एसी आणि डीसी दोन्ही चार्जिंग तुमच्यासमोर पंधरा-पंधरा मिनिटं लावायला सांगा. १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या. यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीची ती उतरलेली असते आणि ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. चार्ज पोर्टची मॅन्युअल रिलीजची दोरी कुठे आहे तेही सेल्समनला हात लावून दाखवायला लावा.