वीरप्पन गरिबांचा वाली?

चंदनतस्कर आणि हस्तिदंतासाठी हत्ती मारणारा टोळीप्रमुख वीरप्पन याने पोलीस आणि वनखात्यालाच लक्ष्य केले, गोरगरिबांना मात्र त्याने सांभाळले, असे म्हटले जाते; हे म्हणणे मला अर्धेच पटते. आसपासच्या खेड्यांतून त्याला शिधा आणि बातम्या मिळत, हे खरे. पण त्यामागे माया किती आणि धाक किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, कारण खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरूनही त्याने गावकऱ्यांचे जीव घेतले.

या संदर्भात पी. श्रीनिवास यांचे नाव घ्यायलाच हवे. या वनाधिकाऱ्याने वीरप्पनच्याच, कर्नाटकातील गोपीनाथम गावात मुक्काम ठोकून दवाखाना चालवला, मारियम्मनचे देऊळ उभे करण्यास हातभार लावला आणि बंदुकीऐवजी विश्वासाच्या बळावर टोळीतील काहींना शरण आणले. शरण येतो, असा निरोप धाडून वीरप्पनने त्यांना नोव्हेंबर १९९१ मध्ये जंगलात बोलावले. ते निःशस्त्र गेले आणि त्याने त्यांचे मुंडके छाटले. मरणोत्तर कीर्तिचक्र सरकारने दिले, ते रीतीप्रमाणेच म्हणायचे. गोपीनाथमच्या लोकांनी मात्र श्रीनिवास यांची तसबीर त्या देवळात लावली. वीरप्पन याच गावचा.