मदत हवी आहे: मोनेमवासिया (ग्रीस), आई-बाबांना घेऊन

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन ग्रीसला जायचं ठरतंय. मी जर्मनीत असते, ते दोघं पुण्याहून येतील. व्हिसाचं काम झालंय. अथेन्सबद्दल इथे भरपूर वाचायला मिळालं, पण बाबांची खरी मागणी मोनेमवासियाची आहे आणि त्याबद्दल मराठीत जवळपास काहीच सापडत नाही, म्हणून हा धागा.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं सह्याद्रीतले गड चढण्यात घालवली. दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीझ द्वीपकल्पाच्या आग्नेय किनाऱ्यालगत समुद्रात उभा असलेला हा खडक, त्यावरचं तटबंदीचं गाव आणि किनाऱ्याला जोडणारा एकच चिंचोळा रस्ता, हे वाचल्यापासून ते त्याच विषयावर बोलतात. विल्यम द विल्हार्दुआँ या फ्रँक, म्हणजे फ्रेंच वंशाच्या राज्यकर्त्याने तीन वर्षं वेढा घातला, आतलं अन्न संपलं तेव्हा कुठे १२४८ च्या सुमारास गाव त्याच्या हाती आलं. पुढे १२५९ मध्ये पेलागोनियाच्या लढाईत तोच बायझंटाइन (पूर्व रोमन) फौजेच्या हाती सापडला आणि स्वतःच्या सुटकेसाठी १२६२ मध्ये त्याला मोनेमवासिया, मिस्त्रास आणि माइना हे किल्ले बायझंटाइन सम्राटाला द्यावे लागले. तीन वर्षांच्या वेढ्याने घेतलेला किल्ला असा तहात गेला, हे बाबांना फार लागलंय. ती जागा त्यांनी डोळ्यांनी बघावी असं मला मनापासून वाटतं.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर ती तासभर चालते, पण उतार आणि पायऱ्या त्रास देतात. शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. बाबा वर आणि आई दिवसभर खाली हॉटेलात, असं मला नकोय. म्हणून विचारते:

गाडी न घेता अथेन्सहून जाता येतं का? राहायचं तटबंदीच्या आत की समोरच्या गेफिरा गावात? खडकाच्या माथ्यावरच्या जुन्या गावापर्यंतची चढण किती अवघड आहे? आणि आईच्या जेवणाचं काय?

प्रतिसाद १

बसने जाता येतं. अथेन्सच्या किफिसोस स्टँडवरून लाकोनिया जिल्ह्याची केटेल (KTEL, तिथली गावोगावची बससेवा) बस घ्यायची. बऱ्याचदा स्पार्टाला बदलावी लागते, पाच-सहा तास धरून चाला. बस गेफिराला सोडते. तिथून पूल ओलांडून वेशीपर्यंत पायी साधारण पंधरा-वीस मिनिटं, रस्ता सोपा आहे. सीझनमध्ये छोटी बसही फिरते. गाडीने चार तासांच्या आसपास, पण वेशीच्या आत गाडी जातच नाही, त्यामुळे मुक्कामी तिचा उपयोग शून्य. परत येताना आणखी काही बघायचं नसेल तर बसच घ्या.

राहा मात्र आतच. किनाऱ्यावरून बघितलं तर गाव दिसतच नाही, नुसता उघडा खडक दिसतो. वेशीच्या वळणदार बोगद्यातून बाहेर पडलात की एकदम घरं, कमानी, चर्च. दिवसाची गर्दी संध्याकाळी परतते आणि मग ते गाव तुमचं असतं. आईंना तिथे बसून राहायलाही आवडेल.

प्रतिसाद २

आधीच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक सावधगिरी. आतल्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत, दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि जवळपास प्रत्येक घराला पायऱ्या आहेत. बुकिंग करण्याआधी हॉटेलला स्पष्ट विचारा: वेशीपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, आणि सामान कोण आणणार? वेशीजवळची, मुख्य गल्लीवरची खोली मागा. चाकांच्या बॅगा तिथे चालत नाहीत.

वरच्या गावाची वाट नागमोडी आणि रुंद आहे. तुमच्या बाबांना ती काहीच वाटणार नाही. उजाडताच निघायला सांगा, कारण वर सावली नाही आणि पाणीही सोबत न्यावं लागतं. या खडकावर झरा नाही; लोक पावसाचं पाणी टाक्यांत साठवून जगले. आपल्या गडांवरची टाकी बघितलेल्या माणसाला ती बघताना वेगळाच आनंद होईल. वर कड्याच्या टोकावर १२ व्या शतकातलं आयिया सोफिया चर्च आहे, बाकी सगळे अवशेष.

तोवर तुम्ही आणि आई खालचं गाव बघा. एल्कोमेनोस चर्चसमोरचा चौक सपाट आहे, मधोमध तोफ आहे, आणि तिथून समुद्र समोर दिसतो. शेजारच्या जुन्या मशिदीच्या इमारतीत छोटं संग्रहालय आहे. कवी यानिस रित्सोस यांचा १९०९ मधला जन्म इथलाच. त्यांचं घर वेशीजवळ आहे आणि कबर वेशीबाहेरच्या स्मशानभूमीत, म्हणजे दोन्हीकडे आईंना चढ न चढता जाता येईल.

प्रतिसाद ३

जेवणाची काळजी करू नका. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास बरेच असतात आणि त्यांचे पदार्थ बहुतेक टॅव्हर्नांत मिळतात. 'निस्तिसिमो' म्हणून विचारा: मांस, दूध, अंडं काही नसतं. मात्र त्या उपवासात ऑक्टोपस, कोळंबी, माकूळ चालतात, तेव्हा 'सीफूडही नको' हे वेगळं सांगायलाच हवं. पिवळ्या डाळीचा फावा, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे यिगांतेस, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे येमिस्ता, हे आईंना आवडेल. येमिस्तात कधी खिमा असतो, प्रत्येक वेळी विचारा. पालकाच्या पाईत चीज असतं आणि बऱ्याचदा अंडंही, ती टाळलेली बरी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आत राहायचं आणि बसने जायचं हे पक्कं. आता शेवटचं: स्पार्टाला बस बदलायचीच आहे तर तिथे एक मुक्काम करून मिस्त्रास दाखवावं का? त्याच तहातला किल्ला आहे, बाबा सोडणार नाहीत. पण आईला झेपेल?

प्रतिसाद २

जरूर करा. मिस्त्रासला वरचं आणि खालचं अशी दोन प्रवेशद्वारं आहेत. बाबांना टॅक्सीने वरच्या दारी सोडा, ते आधी किल्ल्यावर जाऊन मग चर्च बघत खालच्या दाराशी उतरतील. तो उतार आईंच्या गुडघ्यांना नको. त्यांना स्पार्टातलं ऑलिव्ह आणि ऑलिव्ह तेलाचं संग्रहालय दाखवा, जुने घाणे आणि तेल काढायच्या पद्धती छान मांडल्या आहेत. मोनेमवासियाच्या बसची वेळ मात्र स्पार्टाच्या स्टँडवर आदल्या दिवशीच विचारून ठेवा.