'बर्न्ट माउंड'ला मराठीत काय म्हणाल? (आणि उत्खनन म्हणजे वाळूउपसा का?)

कॉर्ककर
मंडळी, अडलेय. आमच्या घरामागच्या कुरणावर नवी वसाहत होणार आहे. इथे आयर्लंडमध्ये बांधकामाला परवानगी देताना बऱ्याचदा अट घालतात, की आधी पुरातत्त्ववाल्यांकडून जमीन तपासून घ्या, खर्च बिल्डरचा. तशी तपासणी झाली. वरची माती खरवडली तर खाली काळा डाग, चार-पाच खड्डे आणि पाणी भरायची एक डोणी. कांस्ययुगातलं आहे, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. याला बर्न्ट माउंड म्हणतात. रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना दाखवायला न्यायचंय, म्हणून एक पान माहिती लिहायला घेतली.
मी लिहिलं, "जळका ढीग". सांगलीला सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "कचरा पेटवला होता का गं?" पुढचं वाक्य होतं, "विकासापूर्वी उत्खनन झाले." त्यावर सासरे म्हणाले, "मग तलाठ्याने दंड केला असेल." दोघंही अगदी गंभीरपणे.

अनुस्वार
दग्धस्तूप. स्तूप शब्दाचा मूळ अर्थ ढीग असाच आहे.

नवी_चिमणी
म्हणजे मुलं विचारणार, बुद्ध आयर्लंडला कधी गेले होते :)

पांढरीकर
टेकाड म्हणा. जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे 'पांढरीचं टेकाड' म्हणतात, पुरातत्त्वाच्या मराठी लिखाणातही हाच शब्द आहे. 'राखेचं टेकाड' मात्र चुकूनही लिहू नका, ती वेगळी गोष्ट. कर्नाटक-तेलंगणातली राखेची टेकाडं नवाश्मयुगातली, जनावरांच्या गोठणीतलं शेण साठवून पेटवल्यामुळे झालेली. पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९५७ साली उटनूरला खणलं तेव्हा गुरांच्या खुरांचे ठसेसुद्धा मिळाले. नंतर बुदिहाळला डेक्कन कॉलेजच्या पदय्यांनी काम केलं. हंपीजवळ निंबापूरच्या टेकाडाला लोक वालीच्या चितेची राख म्हणतात. तुमच्याकडचं टेकाड शेणाचं नाही ना?

कॉर्ककर
नाही, दगडांचं. डोणीत पाणी भरायचं, बाजूला जाळ करून दगड लाल होईस्तोवर तापवायचे आणि पाण्यात टाकायचे. पाणी उकळतं, दगड तडकतात. दोनचार वेळा वापरले की त्यांचा चुरा होतो, तो कोळशासकट बाहेर फेकायचा. डोणीच्या तिन्ही अंगांनी ढीग साचत जातो, घोड्याच्या नालासारखा. चुनखडीचा दगड चालत नाही, तापवून पाण्यात टाकला की चुनाच होतो. वालुकाश्म लागतो.
आणि टेकाड म्हणवत नाही हो. जेमतेम गुडघ्याएवढं, तेही नांगरून सपाट झालेलं. टेकाड म्हटलं की चढताना निदान दम तरी लागायला हवा.

आजोळ
म्हणजे ढीग जळलाच नाही! जळले ते दगड, तेही दुसरीकडे. मग इंग्रजी शब्दच चुकीचा आहे. त्याचं मराठी करण्यापेक्षा आयरिश शब्द बघा की.

कॉर्ककर
आयरिश शब्द आहे 'फुलख्त फिआ'. पण त्यावर इथल्यांचीही भांडणं आहेत. फुलख्त म्हणजे रांधायची जागा. फिआ म्हणजे कोणी म्हणतं हरीण, कोणी म्हणतं रानातलं, कोणी म्हणतं ते मुळात 'फिअन', म्हणजे रानोमाळ हिंडणाऱ्या लढवय्यांच्या टोळ्या. सतराव्या शतकात कीटिंग नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की हे वीर शिकार करून यायचे, एका खड्ड्यात मांस शिजवायचे आणि दुसऱ्यात आंघोळ करायचे. देशभर अशा सात हजारांहून जास्त जागा सापडल्यात, पण तिथे हाडं फारशी मिळत नाहीत. म्हणून आता काही अभ्यासक रांधण्याचा उल्लेख नको म्हणून मुद्दाम बर्न्ट माउंड असंच लिहितात.

हळद्या
हाडं नाहीत तर शिजवायचे काय? पाणी?

कॉर्ककर
शिजतं मात्र. १९५२ साली इथल्या बॅलीव्होर्नी गावी पुरातत्त्वज्ञ प्रा. ओ'केलींनी करून पाहिलं. साडेचारशे लिटर पाणी अर्ध्या तासात उकळलं. साडेचार किलोची मेंढीची तंगडी पेंढ्यात गुंडाळून टाकली, ती ३ तास ४० मिनिटांत शिजली. कोणी म्हणतं वाफेचं न्हाणं, कोणी लोकर रंगवणं, कोणी कातडी कमावणं. २००७ मध्ये गॉलवेच्या दोघा पुरातत्त्वज्ञांनी त्याच रीतीने बिअर काढून दाखवली.

नवी_चिमणी
आली बिअर. आता धागा शंभरी गाठणार.

आजोळ
माझी आजी लहान मुलाला उलट्या झाल्या की चुलीत मातीचं ढेकूळ लाल करायची आणि पाण्यात टाकायची. चर्र आवाज यायचा. ते पाणी गाळून द्यायची. त्याला आम्ही 'विझवलेलं पाणी' म्हणायचो. इथे दगड विझवलेत. 'विझवणीचा ढीग' कसा वाटतो? क्रिया तीच, फक्त आजीचा तांब्या होता, यांची डोणी.

अनुस्वार
विझवण हा शब्द कोणत्या कोशात आहे?

आजोळ
आजीच्या. तुमचा दग्धस्तूप कोणाच्या कोशात आहे?

सर्कलसाहेब_निवृत्त
कॉर्ककर ताई, तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे. आमच्या कचेरीत ३० वर्षं उत्खनन म्हणजे मुरूम, वाळू, दगड. जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७), अवैध उत्खनन व वाहतूक, पंचनामा, दंड. एकदा खरोखरचे पुरातत्त्ववाले तालुक्यात आले होते. 'उत्खनन परवानगी' असा कागद बघून आमच्या कारकुनाने किती ब्रास (वाळू-मुरूम मोजायचं माप) उचलणार म्हणून विचारलं होतं. खोदकाम लिहा.

अनुस्वार
एका खात्याने शब्द नासवला म्हणून आपण तो सोडायचा? उत् + खन्, खणून वर काढणे. याहून नेमका शब्द नाही. खोदकाम पाइपलाइनचंही असतं. त्याच धातूपासून खाण, खंदक...

पांढरीकर
थांबा. खंदक अरबीतून आलाय, आणि अरबीत तो फारसीतून गेलाय.

अनुस्वार
फारसीतला 'कन्' आणि आपला 'खन्' सख्खे भाऊ आहेत. मग चूक कोणाची?

पांढरीकर
भाऊ आहेत हे मान्य, पण म्हणून एका भावाचा मुलगा दुसऱ्याच्या नावावर लावू नका.

कॉर्ककर
माझा ढीग...

हळद्या
ढीग राहू दे, आधी खड्ड्यांचं बघा. खड्डा म्हटलं की मराठी माणसाला रस्ताच दिसतो. आम्ही सांगलीजवळच्या हरिपूरचे. हळद जमिनीखाली पेवात ठेवायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. २००५च्या महापुरात बरीच पेवं गेली. 'पेव फुटणे' तिथूनच आलं. तुमच्या खड्ड्यांना पेव म्हणा.

पांढरीकर
साठवणीचा असेल तरच पेव. आत धान्य मिळालं का? घोड नदीकाठी इनामगावला धान्याचे खड्डे मिळाले, त्यांना पेव म्हणणं ठीक. पण तिथेच घरांच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेलं आहे. त्यालाही पेव म्हणणार का? आत काय होतं ते कळेपर्यंत खड्डा तो खड्डाच.

हळद्या
रांजणाचं ठीक आहे. पण पेवाला खड्डा म्हणालात तर आमचे आजोबा उठून बसतील.

आजोळ
'पेव फुटणे' बद्दल मला शंका आहे. पेव फुटलं तर हळद भिजेल, ती वाईट गोष्ट. मग सुळसुळाट असा अर्थ कसा?

हळद्या
फुटणे म्हणजे उघडणे. एक पेव उघडलं की पोत्यांवर पोती निघतात, रस्ता भरतो. लहानपणी पाहिलंय.

अनुस्वार
कोशात बघून सांगतो.

सर्कलसाहेब_निवृत्त
बघा. आणि ब्रास हा शब्द कुठून आला तेही बघा जमलं तर. आयुष्यभर लिहिला, कोणी सांगितलं नाही.

कॉर्ककर
सहल उद्यावर आली. 'तडकलेल्या दगडांचा ढीग (फुलख्त फिआ)' लिहून छापायला दिलंय. उत्खनन काढून 'खणून पाहिलं' केलंय. पेव घातलं नाही, हळद्या रागावू नका.

हळद्या
रागावलो नाही. पण डोणी कशी लिहिली? आमच्याकडे डोण म्हणतात, गुरांना पाणी पाजायची.

नवी_चिमणी
आमच्याकडे डोणी म्हणजे होडी.