अंड्याचा रंग फिका पडला म्हणून कोंबडी आखाडात काढावी का?

प्रश्न (मोहोळ तालुका, सोलापूर):
आमच्या परसात ऱ्होड आयलंड रेड आणि गावरान यांच्या संकराच्या वीसेक कोंबड्या आहेत. हिवाळ्यात गडद तपकिरी असणारी त्यांची अंडी चैत्रापासून फिकी पडत गेली आणि आता काही तर जवळजवळ पांढरी दिसतात. सोलापुरातील नेहमीचे गिऱ्हाईक त्यांना ‘गावरान नव्हेत’ म्हणून भाव पाडून मागते. आखाडात कोंबडीला मागणी असते, तेव्हा अशा कोंबड्या विकून टाकाव्यात, असे वडिलांचे म्हणणे आहे. रंगावरून छाटणी करणे योग्य ठरेल का? खाद्य म्हणजे घरची ज्वारी, थोडी पेंड आणि खरकटे.

उत्तर (बार्शी):
केवळ रंगावरून कोंबडी काढू नये. कवच तयार होण्यास सुमारे वीस तास लागतात आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य बहुतांशी अखेरच्या काही तासांत वर चढते; त्या वेळी कोंबडी घाबरली किंवा चाळीस अंशांच्या उन्हात धापा टाकत राहिली, तर हा थर अपुरा राहतो. वय वाढले की अंडे मोठे होते आणि तेवढाच रंग जास्त जागेवर पसरतो. पिसे गाळून विश्रांती घेतलेल्या कोंबडीचा रंग बहुधा पुन्हा गडद होतो. गिऱ्हाइकाचे म्हणाल, तर अस्सल गावरान अंडे पुष्कळदा मलईच्या रंगाचेच असते आणि रंगामुळे पोषणात फरक पडत नाही. पण हे त्याला पटवणे कोंबड्या पाळण्याहून अवघड आहे.

उत्तर (मंगळवेढा):
आमच्याकडेही ज्वारीच चालते, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि ज्वारीत ते नगण्य असते, तेव्हा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. यामुळे रंग परत येईलच असे नाही, पण कवच पातळ पडण्याचे थांबेल. दुसरे असे, की पिवळे पाय म्हणजे अंडी बंद, ही खूण मक्यावर वाढलेल्या पक्ष्यांची आहे. ज्वारीत पिवळा रंग फारच कमी असल्याने आपल्याकडे ती फसवते. त्याऐवजी संध्याकाळी कोंबडी काखेत धरून शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटे ठेवून पाहावीत. अंडी देत असलेल्या कोंबडीत दोन-तीन बोटे सहज बसतात, तेथील कातडी ओलसर व मऊ असते आणि तुरा लालबुंद असतो; एकच बोट जेमतेम बसत असेल आणि तुरा आक्रसलेला असेल, तर ती अंडी देत नाही. मात्र खुडूक (अंडी उबवायला) बसलेली किंवा पिसे गाळणारी कोंबडी याच परीक्षेत नापास होते, म्हणून तिला थोडा अवधी देऊन पुन्हा पाहावे.

उत्तर (पशुवैद्यक, पंढरपूर):
वरील सल्ला योग्य आहे, परंतु रंग कसा गेला ते आधी तपासा. महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू गेला असेल, तर ऊन आणि वय हीच कारणे संभवतात. याउलट काही दिवसांत बहुतेक अंडी एकदम फिकी, खडबडीत किंवा बिनकवचाची येऊ लागली असतील, जोडीला शिंका किंवा घरघर असेल, तर मानमोडी (राणीखेत) अथवा संसर्गजन्य ब्राँकायटिस या कोंबड्यांच्या साथीच्या रोगांची शंका घ्यावी लागते. अशा वेळी एकही पक्षी आठवडी बाजारात नेऊ नये, कारण तेथून रोग इतरांच्या खुराड्यांत जातो. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. तसे काही नसेल, तर वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे आखाडात अवश्य विका, मात्र हाडांच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या आणि दुसऱ्यांची अंडी फोडून खाणाऱ्या कोंबड्याच निवडा.